तुरुंगाच्या वळणावरचा आवाज

९ ऑक्टोबर १९८३, हिंडलगा

आज तो गठ्ठा सोडला. बेळगावच्या खडेबाजारातल्या रद्दीवाल्याकडून ह्यांनी आणलेला शेवटचा. दोन वर्षं कपाटावर सुतळीसकट होता. कॅम्पातल्या साहेबांच्या बंगल्यांतून निघालेली इंग्रजी मासिकं रद्दीत यायची, ती हे माझ्यासाठी उचलून आणायचे. "घे तुझा खुराक," म्हणायचे. माझी शाळा चौथीत सुटली. इंग्रजी मी डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकले. जोंधळे निवडावेत तशी एकेक ओळ निवडते.

सुतळीची गाठ ह्यांच्या हातची होती. कात्री लावली नाही. नखानं सोडवली. वेळ लागला.

गठ्ठ्यात एक कोरी वहीही निघाली, निळ्या पुठ्ठ्याची. मी मागितली होती की त्यांना आपलं वाटलं म्हणून घेतली, आठवत नाही. त्यातच हे लिहिते आहे.

१२ ऑक्टोबर

रवळू आज स्पष्टच बोलला. तो पूर्वी ह्यांच्या हाताखाली क्लीनर होता, आता जीप तोच चालवतो. बेळगावातून माणसं भरायची आणि तुडयेकडच्या खेड्यांत, जिथं एसटीचा ड्रायव्हर चिखल बघून परत फिरतो, तिथवर पोचवायची. त्यावर आमच्या दोन घरांची चूल चालते, त्याची आणि माझी.

"वैनी, राग मानू नका. दिवसभर गाडी वडतो ती पंपवाल्यासाठी. आपल्याला काय ऱ्हातंय? हाताला पेट्रोलचा वास."

"मग काय करायचं?"

"एक तर इकायची, न्हाईतर डिझेलचं इंजिन बसवायचं. त्या वाटंवर बाकी समद्यांनी बसवलंय. आपलीच म्हाराणी पेट्रोल पितीया."

विकली तर काय राहतं? रवळू दुसऱ्याच्या गाडीवर जाईल. मी आणि सासूबाई माझ्या भावाच्या पडवीत. भाऊ नाही म्हणणार नाही. भावजय तोंडानं नाही म्हणणार नाही.

जीप लष्कराच्या लिलावातली. ह्यांनी घेतली तेव्हा तिच्या दारावर अजून पांढरा नंबर होता. तेच पेट्रोल इंजिन, तोच आवाज, बारा वर्षं.

आवाजाचीच अडचण आहे. संध्याकाळी गाडी तुरुंगाच्या भिंतीपाशी वळते, तिथं गिअर बदलतो. तो आवाज भिंतीवर आपटून आमच्या दारापर्यंत येतो. मी तेव्हा दारातच असते. सासूबाईंना, म्हणजे आत्तींना, डोळ्यांनी आता उजेड-अंधार एवढंच कळतं. पण तो आवाज आला की भिंत चाचपत उठतात, रांजणातून तांब्या भरतात आणि उंबऱ्याशी आणून ठेवतात. घरी आलेल्याच्या पायावर पाणी. हे असताना रोज ठेवायच्या. हे गेले तरी ठेवतात. रवळू गाडी अंगणात लावतो आणि आपल्या घरी जातो. पाणी तसंच राहतं. सकाळी मी ते तुळशीला घालते.

वयामुळं त्या विसरत असाव्यात. आवाज आहे तोवर त्यांचा मुलगा रोज घरी येतो. मी इंजिन बदललं तर तो यायचा थांबेल. हे मी कसं करू?

१५ ऑक्टोबर, खंडेनवमी

जीप धुतली. हळदकुंकू, झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. कोहळा रवळूनं फोडला. आत्तींना हाताला धरून बाहेर आणलं. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला, लहान मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि म्हणाल्या, "गार हाय. आज सुट्टी दिसतीया बाईसाहेबाला."

रवळू हसला. मीही हसले. नंतर आत जाऊन थोडी बसले.

१८ ऑक्टोबर

गठ्ठ्यातल्या एका मोटारींच्या मासिकात विलायती जीपसारख्या गाडीवर मोठा लेख आहे. शेवटी एक तक्ता. गाडी एकच, पण देश बदलला की इंजिन बदलतं. ऑस्ट्रेलियात मोठं डिझेल, कारण तिथं पुढचा पंप दिवसभराच्या वाटेवर. बर्फाच्या मुलखात आधी इंजिनाला ऊब द्यायची आणि मग चालू करायचं. अरबांच्या देशात नुसतं पेट्रोल, डिझेल कुणी विचारतच नाही. आफ्रिकेतल्या एका देशात लहानसंच डिझेल, पण गावातल्या लोहाराला उघडता येईल असं.

भारताचं नाव तक्त्यात नव्हतं. दोनदा बोट फिरवून पाहिलं.

दुपारभर डोक्यात तेच. वाळवंटात एक गाडी चालली आहे, मागं धुळीचा लांब पदर. बर्फात तीच गाडी, तेच दिवे, तोच चेहरा. आतलं काळीज मात्र ज्या त्या मातीचं. आणि प्रत्येक गावात कुणीतरी बाई दारात उभी राहून तिथल्या तिथल्या आवाजाची वाट बघते. बर्फातल्या बाईला वाळवंटातली गाडी ऐकवली तर ती दार उघडणार नाही.

भाकरी करपली. आत्ती म्हणाल्या, "कुठल्या गावाला गेलतीस?"

मी म्हटलं, ऑस्ट्रेलियाला.

"जेवान झाल्यावर जात जा."

२० नोव्हेंबर

गिऱ्हाईक आलं होतं. सत्याप्पा नावाचे वीटभट्टीवाले, वयस्कर, सभ्य. रवळूनंच आणले. पत्र्यावर टिचक्या मारून म्हणाले, बॉडी झकास आहे, इंजिन मोडीत घालू. मग ऐकून बघावं म्हणून गाडी चालू केली.

आवाज ऐकून आत्ती उठल्या आणि भर दुपारी तांब्या घेऊन दारात आल्या. सत्याप्पांना वाटलं पाहुण्यासाठीच आहे. "कशाला आजी तरास घेतलासा," म्हणत त्यांनी चपला काढल्या, तांब्या घेतला आणि पायांवर पाणी ओतून घेतलं. दोन्ही पाय. घोट्यापर्यंत.

मी म्हटलं, गाडी द्यायची नाही. कारण सांगता येईना. ते पाय पुसत म्हणाले, "न्हाई तर न्हाई, ताई. पाय तरी धुऊन झालं." रवळू माझ्याकडे बघतच राहिला.

गेल्यावर आत्तींना म्हटलं, "ते पाणी त्यांच्यासाठी नव्हतं ना?"

"पानी हाय गं ते," आत्ती म्हणाल्या. "कुनाच्या तरी पायावर पडायलाच असतंय. नुसतं ऱ्हाऊन काय करायचंय त्येनं?"

त्यांचं मन आता असं सैरभैर चालतं.

४ डिसेंबर

निपाणीला जाऊन आले. रवळूच्या नात्यातला यमनाप्पा तिथं हायवेला इंजिनं बसवतो. तंबाखूच्या वखारीमागं त्याचं शेड. बसायला टायर दिला, त्यावर स्वतःचा टॉवेल पसरला.

"आक्का, तीन वाटा हाईत. ट्रॅक्टरचं इंजिन घातलं तर चढणीला हत्ती, सपाटीला म्हस. ताकद लई, पन वजनानं फुडचं स्प्रिंगचं पाटं बसत्यात आनि गाडी अशी हादरती की पॅशिंजर उतारताना दात मोजून घेत्यात. दुसरं, नवीन फ्रेंच नमुन्याचं. ग्वाड चालतंय. पन जुनं मिळत न्हाई, आनि पार्ट हवा असला की पुण्याची वाट. तिसरं मॅटाडोर व्हॅनचं. मधलं. गिअरबॉक्साला मधी एक प्लेट करून घालावी लागती, ती मी करतो."

मी विचारलं, पेट्रोलसारखा आवाज कशाचा येतो?

तो स्पॅनर पुसत राहिला. मग म्हणाला, "आवाजाचं गिऱ्हाईक पैल्यांदाच आलंय." पण हसला नाही. "कशाचाच न्हाई, आक्का. डिझेल ते डिझेल. त्येचं बोलनं वायलं."

परत येताना बसच्या खिडकीतून तवंदीचा घाट बघितला. ऊन उतरलं होतं. प्रत्येक ट्रकचा आवाज वेगळा ऐकू येत होता, आजवर सगळे सारखे वाटायचे.

१९ डिसेंबर, रांडाव पुनव

आज सौंदत्तीला देवीचा चुडा फुटतो. माघात ती परत हिरव्या बांगड्या भरते. देवीचं रंडकेपण दोन महिन्यांचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचं तेवढंच असतं.

रवळू पहाटेच यात्रेकरू घेऊन सौंदत्तीला गेला होता. संध्याकाळ झाली, दिवे लागले, वळणावर आवाज नाही. मी दारात उभी. चंद्र बराच वर आला. आत्ती आतून म्हणाल्या, "घरात ये. गारठलीस." मी म्हटलं, गाडी आली नाही अजून. थोड्या वेळानं त्यांची घोंगडी माझ्या खांद्यावर आली. तांब्या ठेवला नव्हता.

मग गाडी आली, दुसऱ्या जीपच्या मागं दोराला बांधून. पुढं डिझेलची खडखड, मागं आमची मुकी. यात्रेकरूंनी घाटात उतरून ढकलली होती म्हणे. रवळूचे डोळे लाल. "वैनी, फुटलं. इंजिनाचा ब्लॉकच फुटला."

म्हणजे आता ठरवायचं राहिलं नाही. फक्त कुठलं एवढंच.

८ जानेवारी १९८४

जीप निपाणीला ओढून नेली आहे. आज मी गेले ती आत्तींना घेऊन. रवळूनं वेड्यात काढलं. पण मी विचार केला, शेवटी ऐकायचं त्यांना आहे. त्यांना त्यातल्या त्यात कमी परका वाटेल तो आवाज घ्यायचा.

निपाणीत उतरलो आणि आत्तींना जर्द्यानं शिंकांवर शिंका. "ह्या गावाला पडसं झालंय का काय?"

यमनाप्पानं तिन्ही गाड्या शेडसमोर उभ्या केल्या होत्या. माझ्या मनातलं त्याला मी सांगितलं नव्हतं, पण तो काही न विचारता आत्तींच्या हाताला धरून त्यांना टायरवर बसवून आला.

आधी ट्रॅक्टरचं इंजिन घातलेली जीप. बॉनेट थरथरत होतं, आरसा थरथरत होता, उभा यमनाप्पाही थरथरत होता.

"बंद कर रं बाबा," आत्ती ओरडल्या. "भांडायला आलंय हे."

मग एका जर्देवाल्या शेठची नवी, फ्रेंच नमुन्याची. ती चालू झाली आणि आत्ती वाट बघत बसल्या.

"कर की चालू."

"केलीया न्हवं, आजी."

"मग बोलत का न्हाई? चोरावानी घरात शिरायचं व्हय गाडीनं?"

मग मॅटाडोर. ती व्हॅनच होती, मालक विड्यांची पोती उतरवायला गेला होता. यमनाप्पानं चालू करून तशीच ठेवली आणि मला बॉनेटपाशी नेऊन गिअरबॉक्सची प्लेट, पुढचे पाटे, रेडिएटर किती पुढं सरकवावा लागेल हे सांगू लागला. मी तक्त्यातलं विचारलं, थंडीत आधी ऊब देतात ते इथं लागतं का? त्यानं हीटरची वायर दाखवली. म्हणाला, "आक्का, तुमी कुठं शिकलासा हे?" मी म्हटलं, रद्दीत.

मागं वळून बघते तर आत्ती झोपलेल्या. शेडच्या खांबाला डोकं टेकून, तोंड थोडं उघडं, गाढ. दोन वर्षांत दिवसा त्यांना अशी झोप लागलेली मी पाहिली नव्हती. रात्रीही कधी लागते, ठाऊक नाही.

यमनाप्पानं इंजिन बंद केलं. त्याबरोबर त्या दचकून जाग्या झाल्या.

"माग का थांबला?"

मला क्षणभर कळलं नाही. मग उमगलं. आत्ती वडगावच्या, साळ्यांच्या घरातल्या. मागाच्या खड्ड्याशेजारी पाळणा बांधून त्यांना वाढवलं होतं. त्यांची आई सांगायची म्हणे, माग चालू असेपर्यंत पोर झोपते, थांबला की रडते. खटक-खटक, खटक-खटक. सत्तर वर्षांपूर्वीचं.

"चालू ऱ्हाऊ दे," आत्ती म्हणाल्या आणि परत खांबाला डोकं टेकलं.

यमनाप्पा माझ्याकडे बघून म्हणाला, "मी इतका वेळ घसा कोरडा करतोय. आजीनं झोपंत ठरवलं."

मॅटाडोरचं ठरलं.

बसमध्ये आत्ती माझ्या खांद्यावर. मला थोडा राग आला होता, खरं लिहिते. त्यांना माग आठवला, वडगाव आठवलं, आई आठवली. जुना आवाज हवा असं एकदाही म्हणाल्या नाहीत. मग मी इतके महिने कुणासाठी जपत होते?

१४ जानेवारी, संक्रांत

दुपारी डोळा लागला. स्वप्नात हे बर्फात होते. गाडीच्या पुढच्या भागावर दोन्ही तळवे ठेवून तिला ऊब देत होते. मी म्हटलं, चालू करा ना. तर म्हणाले, घाई काय आहे, तापू दे.

उठले तेव्हा उन्हाची तिरीप पायावर आली होती. शेजारची शेवंताबाई तिळगूळ घेऊन दारात उभी. मी तिला "तापू दे" म्हणाले. ती घाबरली.

२९ जानेवारी

आज जुनं इंजिन गाडीतून काढलेलं बघितलं. यमनाप्पानं साखळीनं वर उचललं. केवढं लहान होतं ते. एवढ्याशातून तो आवाज यायचा.

मी विचारलं, ह्याचं काय करणार? वाटलं भट्टीत जाणार. तर म्हणाला, लोंढ्याच्या लाकूडगिरणीवाल्याला हवं आहे, ब्लॉकला वेल्डिंग मारून करवतीला जोडणार. "चालंल अजून. गाडी वडायची ताकद न्हाई, पन एका जाग्यावर बसून फिरंल."

मला बरं वाटलं. लोंढ्याच्या जंगलात, रेल्वेच्या पलीकडे, सागवानाच्या भुश्यात तो आवाज दिवसभर येत राहील. माझ्या दारात नसला तरी कुठंतरी. तिथल्या गिरणीवाल्याच्या बायकोला तो ऐकून जेवायची वेळ कळेल. तिला हे कोण ते माहीत असायचं कारण नाही.

घरी आल्यावर मासिक काढलं. तक्त्यात सगळ्यात खाली पेन्सिलीनं लिहिलं: हिंडलगा. त्याच्या पुढं: मॅटाडोर, जुनं. पेन्सिल पुसट होती, पुन्हा गिरवलं.

आता फक्त आत्तींचं. गाडी वळणावर येईल आणि त्या उठणार नाहीत. तांब्या रिकामा राहील. त्या विचारतील, सुबराव आला न्हाई का अजून? मी काय सांगायचं ते ठरवून ठेवलं आहे. मनात दहा वेळा म्हणून बघते. अर्ध्यातच थांबते.

१६ फेब्रुवारी, माघी पुनव

सावकाश लिहिते.

गाडी तयार झाल्याचा निरोप काल आला. आज शेवंताबाईला घरी थांबवलं आणि मी रवळूबरोबर निपाणीला गेले. येताना जीपमध्ये बसून आले, रवळूच्या शेजारी. बारा वर्षांत ह्या गाडीतून मी कितीदा गेले असेन? लग्नकार्याला, एकदोनदा जत्रेला, आणि ह्यांना दवाखान्यात नेताना. रोजची ती रस्त्याची आणि ह्यांची. मी दाराची.

तवंदीच्या घाटात रवळूनं स्टिअरिंगवर थाप मारली. "बघा वैनी, तिसऱ्यात वडतीया! म्हाराणी आता कामाला लागली."

संकेश्वर सुटलं. उसाच्या गाड्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, सगळं इंजिनाच्या खटक-खटकमधून. मला पेंग यायला लागली. एकदा वाटलं, उजवीकडे रवळू नाही. डोळे उघडले नाहीत. तेवढंच.

बेळगाव गेलं. कॅम्प गेला. तुरुंगाची भिंत आली आणि मी ताठ बसले. आता वळण, आता गिअर. रवळूनं गिअर बदलला. मी कान देऊन होते.

काहीच नाही. पायाशी गिअरचा दांडा खुटकला, इंजिन क्षणभर दबलं, पुन्हा सुरू. भिंतीवरून आलेला आवाज नाही.

"रवळू, भिंतीचा आवाज?"

"कसला आवाज वैनी?"

"इथं गिअर बदलताना येतो तो."

"इतकी वर्सं ह्या गाडीत हाय, मला तर काय कदी आला न्हाई." मग विचार करून म्हणाला, "आत बसलेल्याला कसा येईल? तो भाईर जातोय न्हवं."

म्हणजे ह्यांनी तो कधी ऐकलाच नाही. मी बारा वर्षं ज्याला त्यांचा आवाज समजत होते, तो त्यांना माहीतच नव्हता. तो माझा होता. दारातल्या माणसाचा.

अंगणात गाडी थांबली. दिवे लागले होते. उंबऱ्यात आत्ती उभ्या होत्या, हातात तांब्या. शेवंताबाई मागून हातवारे करून सांगत होती, "मी न्हाई सांगितलं."

मी उतरले. "आत्ती, गाडी कशी ओळखलीत? आवाज तर बदलला."

"कशाला वळखायची? कुनाची का असंना." त्यांनी मान माझ्याकडे वळवली, थोडी बाजूलाच. "आज तू दारात नव्हतीस. म्हंजी येनार ती तूच."

मी तिथंच उभी.

"रोज दारात हुभी ऱ्हायचीस. आवाज झाला की तुझा श्वास थांबायचा, मला आतनं कळायचं. काय करायचं मी तरी? पानी भरून ठेवायची. तेवढंच सोबतीला." मग जरा रागानं म्हणाल्या, "आता हुभी का? निपानीची धूळ घिऊन आत येतीस व्हय? पाय फुडं कर."

मी चपला काढल्या. पाय पुढं केला. त्यांचा हात माझा घोटा चाचपत आला आणि मग पाणी पडलं. कोमट होतं. चुलीवर ठेवून मग तांब्यात ओतलेलं. गाडी वळणावर यायच्या कितीतरी आधी.

दुसरा पाय धुताना त्यांनी विचारलं, "लांब हाय न्हवं निपानी?"

मी म्हटलं, "व्हय आत्ती, लई लांब."

१७ फेब्रुवारी

सकाळी तुळशीला घालायला तांब्यात पाणी नव्हतं. आडाचं काढलं.